श्रावस्तीचा पाय आणि माझी फरशी

"स्ट्रेस फ्रॅक्चर आहे," नागपूरचे हाडांचे डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडाला धरून म्हणाले.

मी लगेच सांगितलं, साहेब, काहीतरी चूक होऊन राहिली. पोरगी कुठं पडली नाही, धडकली नाही, एक्स-रेतही काही निघालं नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, की हे हाड एका झटक्यात मोडत नाही. त्याच त्या जागी रोज मार बसला की बारीक तडा जातो, आणि सुरुवातीला तो एक्स-रेत दिसत नाही. अंगठ्याच्या बाजूच्या बोटामागं तळपायात जे लांब हाड असतं, त्याला सेकंड मेटाटार्सल म्हणतात. तिथं तडा होता.

श्रावस्ती, माझी सतरा वर्षांची मुलगी, खाली मान घालून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "पाच आठवड्यांनी ऑडिशन आहे. जमेल का?" डॉक्टर नाही म्हणाले. ती रडली नाही.

तुमच्याही घरी नाचणारं, खेळणारं लेकरू असेल, म्हणून सगळं सांगतो. मी भंडारा जिल्ह्यात वरठीजवळच्या एका कारखान्यात फिटर आहे. श्रावस्ती बॅले शिकते, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून करायचा विदेशी नाच. दहा वर्षांची होती तेव्हापासून दर शनिवार-रविवार रेल्वेनं नागपूरला क्लासला जाते. शेजारचे विचारत, लग्नाच्या वरातीत नाचते का हे? मी म्हणायचो, पाहा तुम्ही, एक दिवस तिकीट काढून पाहाल.

तिच्या क्लासच्या मॅडम म्हणाल्या होत्या, ही पोरगी या नाचावर पोट भरू शकते. मुंबईच्या एका संस्थेत दोन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण मिळतं, ही ऑडिशन त्याच्याच निवडीची होती. अठरा वर्षांनंतर घेत नाहीत. म्हणजे यंदा, नाहीतर फार तर पुढच्या वर्षी.

डॉक्टरांनी विचारलं, घरी सराव कशावर करते? हा प्रश्न माझ्या आवडीचा होता. मी मोबाइल काढून फोटोच दाखवला. मागच्या खोलीत आधी सारवलेली जमीन होती. कारखान्यात मशीनचा पाया जरा हलला की सगळा माल बिघडतो, हे मी वीस वर्षं पाहिलं आहे. म्हणून मी रजा काढली, जमीन खोदून काँक्रीट भरलं आणि वर ग्रॅनाइट बसवला. "ट्रक उभा केला तरी हलणार नाही साहेब," मी म्हणालो.

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "नाचायची जमीन थोडी दबायला पाहिजे. ती दबत नाही, तर सगळा मार हाडाला बसतो." क्लासमध्ये लाकडी फरशी आहे, हे मला माहीत होतं. मी समजत होतो, ती दिसायला चांगली म्हणून असेल!

नंतर रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी फार कमी निघालं. मला बाहेर बसवून डॉक्टर तिच्याशी खाण्याबद्दल, पाळीबद्दल बोलले. मग मला आत बोलावून सांगितलं, की वजन वाढू नये म्हणून तिनं भात सोडला होता आणि चार महिने पाळी आली नव्हती. पोटात अन्न कमी गेलं की हाडंही कमजोर होतात, म्हणे. धान पिकवणाऱ्या भंडाऱ्याची पोरगी भात सोडते आणि समोर बसून जेवणाऱ्या बापाला ते दिसत नाही, याची मला फार लाज वाटली.

बाहेरच्या बाकावर औषधांची वाट पाहताना मी तिच्यावरच चिडलो. तीन महिन्यांपासून दुखत होतं, तर बोलली काहून नाहीस?

ती हळूच म्हणाली, "तुमी गुडघे टेकून टेकून फरशी बसवली बाबा. साऱ्यायले फोटो पाठवले. मी कोणत्या तोंडानं सांगू का त्याच्यावर माझा पाय दुखते?"

खिडकीवर आमचं नाव पुकारलं, तेव्हा तीच उठली, लंगडत.

सहा आठवडे वॉकिंग बूट होता, म्हणजे पाऊल न वाकवता चालायचा गुडघ्यापर्यंतचा पट्ट्यांचा बूट. घरी आल्याबरोबर मी फरशी फोडायला घन काढला. तिची आई म्हणाली, "फरशी फोडून हाड जुळते काय? ठेवा तो घन." मग मॅडमना फोन लावून विचारलं. त्यांनी सांगितलं तसे ग्रॅनाइटवर रबराचे तुकडे, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वर प्लाय बसवला. पाय टाकला की ती जमीन दबते. माझ्यातल्या फिटरला अजूनही ते बरं वाटत नाही.

ऑडिशनच्या दिवशी ती दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडून होती. आम्ही तिला समजवायला गेलो नाही. काही दुःखांना जागा द्यावी लागते, हे मला या वयात कळलं.

दहा आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टनं नाचाच्या साध्या, मऊ बुटात दहा मिनिटं नाचायची परवानगी दिली. मी दाराशी उभा होतो. सहाव्या मिनिटाला ती थांबली आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाबा, दुखून राहिलं."

फिजिओथेरपिस्टनं नंतर तपासलं, तर पोटरीचे स्नायू आखडले होते, हाड ठीक होतं. पुढच्या वर्षी निवड होईल की नाही, कोणालाच माहीत नाही. डॉक्टरांचे, फिजिओथेरपिस्टचे उपकार मोठेच आहेत. पण तुम्हाला एक सांगतो. लेकराच्या तोंडून टाळ्यांच्या गोष्टी ऐकायला मी सात वर्षं आतुर होतो, आणि त्या दिवशी ती न लपवता दुखतं म्हणाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, "बस मग, बेटा."