तीस पत्त्यांचा कॅट

इंटरच्या वर्गात प्रॉबॅबिलिटीचा भाग सर्वांत शेवटी आला. टर्म संपायला आठवडा उरला होता. प्राध्यापकांनी फाशांची उदाहरणं फळ्यावर सोडवून दाखवली, पिशवीतल्या तांबड्या-पांढऱ्या चेंडूंची दाखवली, आणि पत्त्यांची पाच उदाहरणं नुसती उतरवून घ्यायला सांगितली. "ही तुमची तुम्ही करा. पत्ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतात," असं ते मुलांच्या बाकांकडे बघून म्हणाले. मुलं हसली. मी मान खाली घालून लिहीत राहिले.

मला पत्ते कळत नव्हते. मी सहा वर्षांची असताना दिवाळीत मामाने एक कॅट आणला होता, तो वडिलांनी बंबात घातला. पत्त्यांच्या कडा वळून काळ्या होत गेल्या, तेवढंच आठवत होतं. त्यानंतर घरात पत्त्यांचा विषय निघाला नाही. का, ते कोणी सांगितलं नाही आणि आमच्याकडे विचारायची पद्धतही नव्हती.

वर्गात विचारणं त्याहून अवघड होतं. आम्ही देहूरोडला राहत होतो. वडील लष्कराच्या डेपोत कारकून होते आणि छावणीतल्या इंग्रजी शाळेत माझं सगळं शिक्षण झालं होतं. व्याख्यानं इंग्रजीत असत, त्यांचं मला काही वाटत नसे. पण तासांच्या मधलं सगळं बोलणं पुणेरी मराठीत चाले, माझं मराठी घरातल्या कामापुरतं, आणि मी एक वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. मग मी बोलायचंच सोडलं. मुलं मला मडम म्हणत. वर्गात दुसरी एकच मुलगी होती, तिला मी शिष्ट वाटत असे. ग्रंथालयात प्रॉबॅबिलिटीच्या पुस्तकाची एकच प्रत होती आणि ती कायम कोणाकडे तरी गेलेली असे.

हे सगळं चालण्यासारखं होतं, पण त्या वर्षी एक अट होती. प्रिलिमला गणितात साठ गुण मिळाले तरच प्राध्यापक पुढच्या वर्षी गणित हा मुख्य विषय देणार होते. आणि वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "गणित मिळालं तर पुढे शीक. नाहीतर इंटर पुरे झालं. इंग्रजी तुला येतंच, त्यासाठी रोज पुण्याला जायला नको." आई आत्याने पाठवलेलं एक स्थळ मनात धरून होती, हे मला माहीत होतं.

संध्याकाळच्या गाडीत बायकांच्या डब्यात आम्ही चार-पाच जणीच असायचो. शेजारच्या डब्याच्या आणि आमच्या मध्ये लाकडी फळी होती, तिच्या वरच्या भागाला जाळी. खडकीला कारखाना सुटला की तीन माणसं पलीकडे येऊन बसत. तिघंही तळेगावच्या बाजूचे, रोजचे. एकाच्या पांढऱ्या मिशा तंबाखूने पिवळ्या झालेल्या होत्या, पत्ते त्याचे. तो एका चपट्या पत्र्याच्या डब्यातून ते काढायचा आणि मांडीवर टॉवेल पसरून वाटायचा.

प्रिलिमच्या आदल्या आठवड्यात मी तीन संध्याकाळी जाळीजवळच्या कोपऱ्यात बसले. मांडीवर वही उघडी ठेवायची आणि नजर तिरकी. कोणी पाहिलं तर काय म्हणेल या विचाराने मी मधूनमधून पान उलटत असे.

प्रत्येकाला दहा पत्ते. माणसं तीन. म्हणजे तीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, तीसच. ते बोलायचे त्यावरून नावं कळली. लाल हृदयाला ते बदाम म्हणत. फावड्याच्या पात्यासारखा काळा, म्हणजे आमच्या उदाहरणातला स्पेड, तो त्यांचा इस्पिक. एक्का, राजा, राणी, गुलाम, मग दश्शी, नव्वी, अठ्ठी. सत्त्या मात्र दोनच होत्या, इस्पिकची आणि बदामाची. तिसऱ्या दिवशी मी खात्री करून घेतली. इस्पिक आठ, बदाम आठ, चौकट सात, किलवर सात.

एक्क्यानंतर एकदम सत्ती का, आणि चारही रंग सारखे का नाहीत, हा प्रश्न मला पडला होता. पण बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड, सोळा औंसांचा पौंड आणि चौदा पौंडांचा स्टोन पाठ करून मी मोठी झाले होते. पत्तेही असेच असतील, असं मला वाटलं.

पेपरात पत्त्यांवर तेरा गुणांचा प्रश्न आला. कॅटातून दोन पत्ते काढले तर दोन्ही स्पेड असण्याची संभाव्यता किती, हा त्याचा पहिला भाग. कॅटात पत्ते किती, ते दिलेलं नव्हतं. मला आत कुठेतरी बरं वाटलं, कारण ते मला ठाऊक होतं. आठांतून दोन, भागिले तिसांतून दोन. अठ्ठावीस छेद चारशे पस्तीस. त्याचा संक्षेप होत नव्हता. मी तीनदा ताळा केला. बाकीचे भागही त्याच तिसांवर सोडवले आणि वेळेआधी पेपर दिला.

त्या संध्याकाळी मला जाळीजवळ बसायची गरज नव्हती, सवयीने बसले. खडकीला तिघांबरोबर एक चौथा माणूस चढला, त्यांच्याच गावचा असावा.

"आज चौघं झालो, राव," मिशीवाला म्हणाला. "मेंढीकोट लावू."

"मग ल्हान पत्ते काढा की," दुसरा म्हणाला. "का घरी ठिवलं?"

"डब्यातच हायेत. दुऱ्या-तिऱ्यांनी किती दिस उजेड पायला न्हाई."

त्याने डब्याच्या तळातून कागदात गुंडाळलेली एक जुडी काढली. इतर पत्ते मळलेले होते, हे पांढरे स्वच्छ. दुऱ्या, तिऱ्या, चौक्या, पंज्या, छक्क्या आणि दोन सत्त्या, किलवर आणि चौकटची. त्याने ते सगळ्यांत मिसळले आणि वाटले. प्रत्येकाला तेरा.

बावन्न. प्रत्येक रंगाचे तेरा. उत्तर एक छेद सतरा. दापोडी यायच्या आत माझ्या मनात ते सुटलं होतं. कासारवाडी मागे पडली, पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तिकडे बायका बोट दाखवून काही सांगत होत्या. उत्तरपत्रिका बांधून केव्हाच गेल्या होत्या. मी वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

मला एकावन्न गुण मिळाले. प्राध्यापकांनी बोलावून घेतलं. टेबलावर माझा पेपर उघडा होता आणि तिसाच्या आकड्याभोवती तांबडं वर्तुळ होतं.

"रीत बरोबर आहे तुमची," ते म्हणाले. "सगळीकडे बरोबर आहे. मग हे तीस कुठून आणले?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी त्या तेरा गुणांचा विचार केला असता. पण सांगायचं म्हणजे जाळी सांगायला हवी होती, पलीकडची माणसं, तीन संध्याकाळी, तिरकी नजर. आणि कोणत्या भाषेत सांगायचं, हेही ठरेना. शेजारच्या टेबलावर दुसरे एक प्राध्यापक चहा पीत होते, त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी टेबलाच्या कडेकडे बघत उभी राहिले.

"आठवत नसेल तर प्रश्न सोडून द्यावा," प्राध्यापक शेवटी म्हणाले. "असा अंदाज ठोकू नये. बरं, या तुम्ही."

अंदाज नव्हता. मी मोजले होते. हे वाक्य मराठीत पुरतं जुळलं तेव्हा मी जिना उतरून फाटकापाशी आले होते.

संध्याकाळी गाडीत ती माणसं पुन्हा तिघंच होती. मिशीवाल्याने पांढरी जुडी कागदात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवली आणि उरलेले पत्ते वाटायला घेतले. मी जाळीकडे पाठ करून बसले.

घरी वडिलांनी गुण विचारले. मी सांगितले. पेपर अवघड होता का, असं त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आईने आतून आत्याचं पत्र आणून त्यांच्या हातात दिलं.