दोन ओट्यांमधली खिडकी

लोहाऱ्याच्या आमच्या लहानशा इंटरनेट कंपनीचे सहा गावांतले सहा राउटर म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. सहाही एकमेकांशी थेट बोलायचे. एक नवा वाढवला की बसा सगळ्यांना सांगत! शेवटी वैतागून मी लोहाऱ्याच्या राउटरला रूट रिफ्लेक्टर केलं. आता प्रत्येकानं आपल्याकडे यायच्या वाटा फक्त त्याला कळवायच्या, पुढं तो सगळ्यांना कळवणार. त्यासाठी त्याच्यातच उरलेल्या पाचांच्या नावांपुढं ‘हा आपला’ अशी खूण करायची. तिघांपुढं केली. बाभुळगाव आणि केळापूर काय, घरचेच, शेवटी करू म्हटलं. तेवढ्यात चहा आला अन् राहूनच गेलं.

पुढचे दोन दिवस कुणाची तक्रार नाही. दुपारी कूलरच्या गारव्यात डोळे जडावायचे, हिरवे दिवे धूसर व्हायचे, अख्खा जिल्हा संथ पाण्यावर तरंगतोय असं वाटायचं. मीही तरंगत होते. काय सुख होतं ते!

आई बाभुळगावला, ताई केळापूरला. दोघींच्या ओट्यावर मी एकेक स्क्रीन बसवून दिला होता, एकमेकींना दाखवणारा, आमच्याच तारांवर चालणारा, दिवसभर सुरू. आम्ही त्याला खिडकी म्हणायचो. इकडे आई मेथी निवडायची, तिकडे ताई कणीक मळायची. तास तास कुणी बोलायचंही नाही.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. ताईनं नोकरी सोडली म्हणून तीन दिवसांपूर्वी दोघींचं कडाक्याचं भांडण झालेलं.

“तवापासून तिनं खिडकीच बंद केली. करू दे! मले काय कराचं हाय,” म्हणाली आणि रडायलाच लागली.

ताईला विचारलं तर ती फणकारली, “आईनंच बंद केली. मी कायले आधी फोन करू?”

मी खुणा उघडून पाहिल्या, बाभुळगाव आणि केळापूर राहिलेलेच. खूण नसलेल्या दोघांना रिफ्लेक्टर एकमेकांच्या वाटा सांगत नाही. बाकी सगळ्यांशी त्यांचं नीट चाललेलं, म्हणून मला पत्ताच नाही. मूर्ख कुठली! मी राहिलेल्या दोन खुणा केल्या आणि ऑफिसातूनच खिडकीला जोडून घेतलं.

दोघी समोरच बसलेल्या. तीन दिवस कुणीच बटण बंद केलं नव्हतं.

“आई, तू उघडली न आधी?” ताईचे डोळे भरलेले.

चूक माझी होती. सांगायला मी तोंड उघडलं, पण आईच आधी बोलली.

“हो वो माय, मीच उघडली. जेवली का तू?”