सातशूर, बुडापासून

पुस्तक कुठून वाचायला सुरुवात करावी, हे मला कोणी विचारू नये. तरी लोक विचारतात, कारण मी तीस वर्षं ग्रंथपाल होते. परवा नातीनं विचारलं. अचाट शक्तीच्या वीरांची एक टोळी आहे म्हणे, तिची चित्रकथा साठ वर्षं चालूच आहे, आणि त्यातला एकेक जण तीनदा मरून चारदा परत आलेला. "आजी, एवढ्या ढिगात सुरू कुठून करू?" मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार." ती हिरमुसली, पण माझा नाइलाज होता. कारण मी अकरा वर्षांची असताना अमरावतीला जे झालं, ते अजून माझ्या पचनी पडलेलं नाही.

छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरातून देव गेले आणि भिंतीतली देवळी रिकामी झाली. बाबांनी तिथे पुस्तकं ठेवली. बाबा सरकारी कचेरीत जुने कागद सांभाळणारे कारकून. त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलेलं आणि पास केलेलं पुस्तकच देवळीत जायचं. (देवांना कोणी परीक्षेला बसवलं नव्हतं. पुस्तकांना बसावं लागे.) नापास पुस्तक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायचं, तिखट-हळदीच्या पुड्या बांधायला.

माझा जीव ज्यात अडकला होता ते 'सातशूर' नावाचं मासिक. सात वीर, एक टोळी. उडणारा मास्तर होता, लोखंडी पैलवान होता, भिंतीपलीकडचं दिसणारी विमला होती. अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी करणारा माझा मामा ते स्टेशनवर विकत घ्यायचा आणि अमरावतीला येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवायचा. एकदा तर पानाच्या करंडीतून अंक आला होता. तीन वर्षांचे छत्तीस अंक मी खाटेखाली जपले होते.

अडचण एकच होती. बाबा आणि मामा बोलत नव्हते.

दोघं मुळातले जिगरी दोस्त. मावशीच्या लग्नात स्वयंपाकावर देखरेख बाबांची होती, आणि मामा भर पंगतीत म्हणाला, "भाजी खारट झाली, भाऊजी." बस. दोन वर्षं झाली, बाबांनी अकोल्याचं नाव टाकलं. माय दोघांच्या मधे सुकून चालली होती. राखीला तिनं भावाला पाकिटातून राखी पाठवली, आणि ते पाकीट चिकटवताना ती रडत होती हे मी पाहिलं होतं.

एक दिवस माय झाडत असताना तो गठ्ठा बाबांना दिसला.

"हे कोनं पाठवलं?" बाबांनी विचारलं.

माय म्हणाली, "माह्या भावानं."

"मंग पुड्याईतच जाईन."

"न वाचता?" माय म्हणाली. "चोराचंही आयकून घेते म्हनतात कचेरीत."

बाबा अडकले. तत्त्वाचा माणूस तत्त्वातच सापडतो. "बरं. रविवारी वाचतो. पास झालं तं देवळीत, नाई तं दुकानात. पन सुटे कागद मी वाचत नाई. बांधून आना."

मी धावतच गफूरचाचांकडे गेले. चाचा अख्ख्या पेठेची पुस्तकं बांधायचे. गठ्ठा मी स्वतः लावला होता, बाबा घरी कागद लावत तसा: जुना तळाशी, नवा वर. "चाचा, नंबर हिलाना नहीं," मी ऐटीत सांगितलं. चाचांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "शुरू किधर से है, बेटी?" मी म्हटलं, "उप्पर से." चाचांनी जाड मुखपृष्ठं कापून टाकली, कारण त्यातून सुई जात नव्हती. अंकांचे आकडे मुखपृष्ठांवरच होते.

गुरुवारी पुस्तक आलं. निळं कापड, वर पांढरी चिठ्ठी. माझ्या मोठ्या भावानं, म्हणजे दादानं, पहिलं पान उघडलं.

"बेबे, हे काय वं? पयल्याच पानावर सातही जनं भांडून वेगळे होऊन राहिले."

"थे तं छत्तिसाव्यात हाय."

"हाय ना. तू छत्तिसावा पयला बांधला. वरून खाली नाई, पोरी, खालून वर असते थे. बाबा आता शेवटच पयले वाचतीन. गेलं तुह्यं दुकानात."

तीन वर्षं जपलेलं पुस्तक, मामाचं एवढंच काय ते घरात उरलेलं, आणि मी ते स्वतःच्या हातानं पालथं घातलं होतं. मी तशीच अनवाणी गफूरचाचांकडे गेले आणि दुकानाच्या पायरीवर बसून भोकाड पसरलं.

"तूने ही तो बोला था उप्पर से," चाचा म्हणाले.

"मैं गलत बोली."

"सिलाई खुल गई तो कागज मरता है, बेटी."

मी आणखी मोठ्यानं रडले. शेवटी चाचांनी एक अट घातली. शिवण दादानं उसवायची आणि खळ मी ढवळायची. दोन संध्याकाळी मी कणकेची खळ ढवळली. माझ्या फ्रॉकला, केसांना आणि कशी कोण जाणे, शेजारच्यांच्या बकरीलाही खळ लागली. शनिवारी पुस्तक पुन्हा शिवून झालं. आता पहिला अंक पहिला, छत्तिसावा शेवटी. दादानं तीनदा तपासलं.

रविवारी बाबांनी आंघोळ केली, चष्मा पुसला, खाटेवर बसले. पुस्तक हातात घेतलं. उलटं केलं. आणि मागून उघडलं.

"बाबा, तिकडून नाई," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कावून?"

"सुरुवात इकडून हाय."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बावीस वर्सं कागद वाचून राहिलो मी. फाईल नेहमी बुडापासून वाचा लागते. नवा कागद वर, मूळ बुडाशी. वरून वाचते थो सायेब, बुडापासून वाचते थो कारकून. तू मले शिकवतं का?"

दादा माझ्या कानात म्हणाला, "पयले बांधलं होतं थेच बरोबर होतं." मला त्याला चावावंसं वाटलं.

बाबांनी छत्तिसावा अंक वाचला. मग मागे सरकत पस्तिसावा, मग चौतिसावा. मी दाराआड उभी राहून एकेक अंक मोजत होते आणि किराणा दुकान डोळ्यांपुढे दिसत होतं. जेवायला हाक मारली तर बाबा म्हणाले, "थांब. हे सात जनं भांडले तं खरं, पन भांडले कावून थे पायतो." तासाभरानं म्हणाले, "आयकतं का, एवढुश्या गोष्टीवरून भांडले. मास्तर पैलवानाले सगळ्याईसमोर बोलला, बस." मायनं ताट झाकून ठेवलं.

दुपारी बाबा एकटेच हसत होते, कारण सातही जण आता गोडीनं राहत होते. चार वाजता त्यांनी पैलवानाला विमलेसाठी महापूर अडवताना पाहिलं आणि "वा रे पठ्ठ्या" म्हणाले. ऊन कलताना ते पहिल्या अंकावर आले. त्यात सात अनोळखी माणसं गाडी चुकल्यामुळे एका स्टेशनावर अडकतात आणि एकाच्या शिदोरीतली भाकर सातांत वाटून खातात. टोळीचा जन्म असा झालेला.

बाबांनी ते पान बोटानं धरून ठेवलं आणि मायला हाक मारली.

"आता हे एकमेकाले ओळखतच नाईत," ते म्हणाले. आवाज बसला होता. "आमची पन गाडी चुकली होती. बडनेऱ्याले. तुह्या भावाजवळ अर्धी भाकर होती, त्यातली अर्धी त्यानं मले देल्ली. ओळख ना पाळख." मग मला म्हणाले, "बेबे, पोस्टकार्ड आन."

कार्डावर बाबांनी दोन ओळी लिहिल्या. मी टपालात टाकायला नेताना वाचल्या. 'तुमचे पुस्तक पास झाले. भाजी खारट होती.'

पुढच्या रविवारी मामा आला. माय एका डोळ्यानं रडत होती, एका डोळ्यानं वांगी चिरत होती, आणि मीठ तिनं स्वतःच्या हातानं टाकलं. जेवणं झाल्यावर मामानं देवळीतून पुस्तक काढलं, सरळ समोरून उघडलं आणि विचारलं, "भाऊजी, शेवट कसा वाटला?"

"झकास. शेवटी भाकर वाटून खातात."

"थे तं सुरुवातीले हाय. शेवटी भांडतात."

"भांडनं सुरुवातीले हाय. म्या बुडापासून वाचलं."

"पुस्तक कोनी बुडापासून वाचते का, भाऊजी?"

"तू आता मले वाचनं शिकवतं?"

मायच्या हातातली पळी थांबली. बाबांच्या कपाळावर ती दोन वर्षांपूर्वीची आठी आली. मग दोघंही एकदम माझ्याकडे वळले.

"बेबे, बांधून तू आनलं," बाबा म्हणाले. "सांग. खरी सुरुवात कोन्या बाजूनं?"

समोरून म्हटलं तर बाबा मामासमोर खोटे पडत होते. मागून म्हटलं तर मामा निघाला असता स्टेशनावर. आणि खरं सांगायचं तर दोनदा बांधून घेतल्यावर मलाही नक्की सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "मायले विचारा."

माय म्हणाली, "भाजी कशी झाली थे सांगा पयले."

"फस्क्लास," दोघं एकदम म्हणाले. ती भाजी खारट होती.

ते निळं पुस्तक आज माझ्याकडे आहे. कधी उदास वाटलं तर मी ते मागून उघडते, भांडणापासून भाकरीपर्यंत वाचत जाते, आणि मला बाबांचा तो बसलेला आवाज ऐकू येतो. बाकी ग्रंथपाल म्हणून मी एवढंच सांगू शकते: आयुष्यात एक पुस्तक मी पहिल्याच खेपेला वाचकाच्या सोयीनं अगदी बरोबर लावलं होतं, आणि तेही पायरीवर बसून, रडून रडून उसवून घेतलं. पुढे तीस वर्षं ग्रंथालयात कोणीही "सुरुवात कुठून करू?" विचारलं, की मी त्यांना दुसऱ्या टेबलावर पाठवत असे.