पाच ठिकाणचं पाणी

मंगला मोघे उज्जैनच्या एका खासगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. दर महिन्याला त्या शिप्रेचं पाणी बाटल्यांत भरून आणत. त्रिवेणी, राम घाट, मंगलनाथ, सिद्धवट. तुलनेसाठी शहराच्या वरच्या अंगाचं, शेतांकडचं स्वच्छ पाणीही घेत. राम घाटावरचे पंडे त्यांना ‘पानीवाली बाई’ म्हणत. नवरा, प्रभाकर, हसायचा, “लोक तीर्थ आणतात, तू रोग आणतेस.”

तपासणीचे आकडे सुरुवातीपासून कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर चढत. त्याच्या फ्लॉपीवर नंबरांचे वेगळे खण करता येत. मंगलाताईंनी प्रत्येक ठिकाणाला एक खण दिला होता. फाइलचं नाव मात्र सगळीकडे महिना आणि वर्ष, एवढंच. खण वेगळे, त्यामुळे सारख्या नावाच्या फाइली सुखाने नांदत. मूळ कागद कॉलेजनं केव्हाच रद्दीत घातले होते. कॉम्प्युटर आहे ना, मग?

अठ्ठ्याण्णव साली नवी लॅब आली आणि जुनं मशीन भंगारात काढायचं ठरलं. फ्रीगंजातल्या कॉम्प्युटर क्लासमधून शिकून आलेल्या तुषारकडे काम दिलं. त्यानं प्रत्येक फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे इमेज, नव्या मशीनवर उतरवली. मग सगळ्यांतल्या फाइली एकाच मोठ्या इमेजमध्ये भरायला घेतल्या.

“तुषार, खण सांभाळ हं. नावं सारखी आहेत,” मंगलाताई म्हणाल्या.

“टेन्शन मत लो मॅडम.”

काम झाल्यावर त्याने यादी दाखवली. एकही महिना गळला नव्हता. मंगलाताईंनी दोन-तीन फाइली उघडल्या, आपलेच आकडे बघितले आणि निश्चिंत झाल्या. आठवड्याभरात जुनं मशीन फ्लॉप्यांसकट भंगारवाल्याच्या ठेल्यावर चढलं. तुषारनं मधल्या इमेज पुसून जागा मोकळी केली.

पुढच्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती येणार होती. विभागप्रमुख दिलीप सरवटे यांनी घाईघाईनं अहवाल छापून घेतला. वर मंगलाताईंचं नाव, आत राम घाटाचे तक्ते. मंगलाताईंनी मे महिन्याचा तक्ता बघितला आणि आकडे पुन्हा एकदा वाचले. भर उन्हाळ्यात राम घाटावर एवढं निर्मळ पाणी त्यांनी कधीच भरलं नव्हतं. हे शेतांकडचं होतं.

तुषारला बोलावलं. तो आधी गोंधळला, मग आठवून म्हणाला, “मॅडम, मशीन सारखं विचारत होतं, या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का? मला वाटलं, डबल कॉप्या आहेत. मी ‘सगळ्याला हो’ करून दिलं.”

त्यानं पाचही खण एकाच जागी, राम घाटाच्या खणात, ओतले होते. प्रत्येक खणानं आधीचा पुसला आणि शेवटचा, शेतांकडचा, तेवढा उरला.

मंगलाताई भंगारवाल्याकडे गेल्या. माल कधीच इंदूरला गेला होता.

“सर, अहवाल मागे घ्या,” त्या सरवट्यांना म्हणाल्या. “आकडे खरे आहेत, जागा खोटी आहे.”

“अहो मॅडम, समिती परवा येतेय. आणि शिप्राजीचं पाणी चांगलं निघालं तर वाईट कोणाला वाटणारे?”

“मग माझं नाव काढा.”

“छपाई हो चुकी है. आता काय पानं फाडायची?”

समिती आली, जेवली, खूश होऊन गेली. स्थानिक पेपरात बातमी आली की कॉलेजच्या संशोधनानुसार राम घाटाचं पाणी उत्तम. पंड्यांनी ती कापून घाटावरच्या आपल्या छत्रीच्या दांड्याला चिकटवली. मंगलाताईंनी पेपरला खुलासा पाठवला, तो छापला नाही. प्राचार्यांनी मात्र बोलावून समज दिली.

मंगलाताईंनी वेळेआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात सरवट्यांनी त्याच अहवालाचं तोंड भरून कौतुक केलं. मंगलाताई उठल्या आणि माइकवर म्हणाल्या, “तो अहवाल खोटा आहे.”

सभागृहात कोणीतरी हसलं. “किती नम्रता!” सरवटे म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. बाकीच्यांनीही वाजवल्या.

नानाखेड्याच्या घरी आल्यावर त्यांनी नमुन्याच्या बाटल्या कामवालीला देऊन टाकल्या. प्रभाकर म्हणाला, “चार धुऊन ठेव, तेलाला होतील.” त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं.