एका पंचावर एकच पिस्तूल

बाजारात नारळ घेताना लोक कानाशी धरून हलवतात, तसं घारपुरेकाका पिस्तूल हलवायचे. आधी ते उघडायचे, आत काही नाही हे स्वतः पाहायचे, मग समोरच्याला दाखवायचे. समोरचा ‘रिकामं’ असं मोठ्यानं म्हणाला की मगच ते कानाशी जायचं. डोळे मिटून दोनदा हलवायचे आणि निकाल द्यायचे, "हे स्वस्तातलं." किंवा, "हे महागातलं. तोंड उघडत नाही." पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण नोकरी नक्की कुठे धरली आहे?

नोकरी वॉटफर्डजवळच्या एका शेडमध्ये होती. चित्रीकरणासाठी हत्यारं भाड्यानं देणारं ते कोठार. तलवारी, ढाली, बंदुका आणि जाड पोलादी कपाटांत कुलूपबंद पिस्तुलं. या देशात साध्या माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, त्यामुळे आमच्याकडे परवान्याला आणि कुलपांना देव्हाऱ्याचा मान. मी नागपूरची, चित्रपटनिर्मिती शिकायला इथे आलेली. शिक्षण संपलं, व्हिसाची मुदतही संपत आली, तेव्हा मालक मार्टिननं मला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. काम पटलं तर तो स्पॉन्सर करणार होता. नाही तर मी घरी. घारपुरेकाका तिथले सर्वांत जुने कारागीर. पुण्यात फिटरचं काम शिकून तरुणपणी इथे आले, ते सत्तरी ओलांडली तरी कामावर होते. पूर्ण आडनाव मार्टिनला कधी जमलं नाही म्हणून तो त्यांना ‘मिस्टर जी’ म्हणायचा. मी पहिल्याच दिवशी त्यांना काका म्हटलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं वाटलं," म्हणाले, "या शेडमध्ये काका म्हणणारं कुणी नव्हतं."

आमच्याकडे एकाच जुन्या घडणीची पिस्तुलं दोन प्रकारची होती. शंभराहून अधिक वर्षं तेच डिझाइन चाललंय, आणि लढाईचा सिनेमा म्हटला की सगळ्यांना तेच लागतं. त्यातली बरीच स्वस्तातली, कारखान्यात ढिगानं निघालेली. दोन मात्र फार महाग. एका कारागिरानं कित्येक महिने हातानं घासून बनवलेली जोडी. सिनेमावाले आले की महागातलंच मागायचे, आणि काका विचारायचे, "कशासाठी?"

"चिखलात लोळायचं असेल तर हे स्वस्तातलं न्या," ते समजावायचे. "खुळखुळतं म्हणून नावं ठेवू नका. तो ढिलेपणा मूळ डिझाइनमध्येच आहे. मळ गेला तरी अडत नाही आणि याचा पार्ट त्याला बसतो. आर्मीला असंच लागतं." मग आवाज खाली आणून, जोडीतलं एक उचलून, माझ्याकडे बघत मराठीत सांगायचे, "आणि हे म्हणजे लाडावलेला जावई. स्वतःचंच ताट, स्वतःचाच पाट. भावाच्या पाटावरसुद्धा बसणार नाही." नट शांततेत पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड मागे ओढणार असेल, मायक्रोफोन जवळ असेल, तरच ते जोडीला हात लावू द्यायचे.

त्यांचा नियम एकच होता, एका पंचावर एकच पिस्तूल. पंचे खास पुण्याहून आणलेले. प्रत्येक पिस्तूल वेगळ्या पंचावर उघडायचं, पुसायचं, त्याच पंचावर जोडायचं. आणि जोडताना मधूनच दोन तुकडे माझ्या हातात देऊन ते विचारायचे, "डोळे मीट. कसं लागतंय?"

"ठीक लागतंय."

"ठीक काय? ठीक हे पाहुण्यांच्या चहाला म्हणायचं. अडतंय, घसरतंय, की घट्ट होऊन अंग धरतंय, काय ते सांग."

दिवसातून वीस वेळा ही परीक्षा चालायची. मी कंटाळून जायचे. घरी आईला फोनवर सांगायचे की इथे एक काका आहेत, प्रेमळ आहेत, डब्यातली अर्धी पोळीभाजी मला देतात, पण पिच्छा सोडत नाहीत.

पंचाचा नियमही मी हळूहळू मोडायला लागले होते. स्वस्तातली तीन-तीन पिस्तुलं एकाच पंचावर उघडायचे. पार्ट मिसळले तरी काय बिघडतं, काकाच म्हणायचे की याचं त्याला बसतं. तासभर वाचायचा आणि कुणाला कळायचं नाही. सवय लागली.

सहावा महिना सरत आला होता. माझा स्पॉन्सरशिपचा फॉर्म मार्टिनच्या टेबलावर सहीवाचून पडलेला. त्या शुक्रवारी सकाळी काका हॉस्पिटलला गेले होते आणि सोमवारी ती महागडी जोडी एका चित्रीकरणाला जायची होती. मी सवयीनं दोन्ही एकाच पंचावर उघडली. तेवढ्यात कुणीतरी खोकी घेऊन आलं. ती ठेवायला जागा करावी म्हणून मी पंचा ओढला आणि दोन्हींचे तुकडे एका ढिगात गेले. तुकड्यांवर नंबर नव्हते. मी अंदाजानं एक जोडलं, तर वरची स्लाइड अर्ध्यात अडकली. बदलून पाहिलं, तीही अडकली. डोळ्यांसमोर नागपूरचं विमान दिसायला लागलं.

काका दुपारी आले. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी टेबलावरच्या त्या एकाच पंचाकडे पाहिलं.

"जोर लावलास?"

"नाही, काका."

"मग अजून काही गेलेलं नाही. बस."

मी ढीग त्यांच्याकडे सरकवला. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. "तू कर," म्हणाले.

"माझा हात नको आता. तुम्ही लगेच ओळखाल."

त्यांनी दोन तुकडे उचलले, थोडा वेळ धरले आणि खाली ठेवले. "मला हे दोन्ही सारखेच लागतात गं. शुगरनं बोटं खाल्ली. दोन वर्षं झाली. चहाचा कप गरम आहे की गार, तेही या हाताला कळत नाही."

पिस्तूल ते कानाशी का नेतात, हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी जिला परीक्षा समजत होते, ती परीक्षा नव्हती. ते माझ्या बोटांनी काम करत होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

मग चार तास ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिले.

"अंग धरतंय?"

"जरा."

"जरा नको. कुठे?"

"शेवटी. अगदी बंद होताना डावीकडे जड जातंय."

"मग दुसरी नळी घे. घाई नको."

पाचला दहा कमी असताना दुसरी स्लाइडही मऊ सरकून बंद झाली. काकांनी पिस्तूल घेतलं, उघडलं, मला दाखवलं. मी ‘रिकामं’ म्हटलं. त्यांनी ते कानाशी नेऊन हलवलं. काहीच आवाज आला नाही.

"बसला जावई पाटावर," ते म्हणाले आणि मला रडू फुटलं.

डोळे पुसून मी म्हटलं, "काका, कुणाला सांगायला नको. माझंही नको, तुमचंही नको."

ते चष्मा पुसत बसले. "तुझं लपवलं तर माझंही लपवावं लागेल. आज तुझा पंचा चुकला, उद्या माझ्याकडून आत काहीतरी राहून जाईल आणि मला कळणार नाही. समोर माणूस उभा असतो गं."

सोमवारी व्हॅन यायच्या आधी त्यांनी मार्टिनला सांगितलं. मी दारात उभी होते. ते म्हणाले, हिनं पार्ट मिसळले, हिनंच वेगळे केले, मला ते जमलं नसतं कारण माझी बोटं गेली आहेत. मार्टिन बाहेर जाऊन सिगरेट ओढून आला. मग त्यानं माझ्या फॉर्मवर सही केली, आणि काकांना विचारलं की महिनाअखेरीला काम थांबवलं तर चालेल का. निरोपाच्या दिवशी केक आणला होता. मला तो गिळवेना. माझी जागा राहावी म्हणून त्यांनी स्वतःची जागा सोडली होती, आणि वर मलाच म्हणत होते, "खा गं, एगलेस आहे." आज मी या देशात आहे, हातात काम आहे, ते या माणसामुळे. आईवडिलांखालोखाल मी त्यांचंच देणं लागते.

पुढे ते लेस्टरला मुलीकडे राहायला गेले. दर शुक्रवारी चार वाजता त्यांचा फोन यायचा. "आज टेबलावर काय? कसं लागतंय?" मी सांगायचे. मग फोन स्पीकरवर टाकून पिस्तूल त्याच्याजवळ हलवायचे. ते तिकडून ओळखायचे, "स्वस्तातलं आहे. नीट वागव त्याला." एकदाही चुकले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. अंत्यसंस्कार आटोपून लेस्टरहून निघताना त्यांच्या मुलीनं मला धुऊन घडी घातलेले सहा पंचे दिले.

अजूनही शुक्रवारी चार वाजता मी दार लोटून घेते, एका पंचावर एकच पिस्तूल ठेवते आणि कसं लागतंय ते मराठीत मोठ्यानं सांगते. मध्यंतरी मार्टिन अचानक आत आला. थबकला. प्रार्थना चालली असेल तर नंतर येतो, म्हणाला. मी म्हटलं, प्रार्थना नाही, मिस्टर जींशी बोलतेय. तो परत गेला नाही. खुर्ची ओढून बसला आणि हळूच विचारलं, काय म्हणतायत ते?

"म्हणतायत, नुसतं ठीक म्हणू नकोस," मी सांगितलं, आणि पिस्तूल उघडून त्याच्यापुढे धरलं. तो वाकला, आत नीट पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "रिकामं." हा एक मराठी शब्द त्याला येतो. काकांनी शिकवलेला.