क्षारानं सांधलेली टाकी

बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "या वेळी पासिंगला गाडी बसली तर आपली. नाय बसली तर भंगारवाल्याला बोलावतो. आता तिला परत रांगेत उभी करणार नाय मी."

हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, टायरकडं बघत होते. ट्रक गेला तर त्यांना दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून चढावं लागणार होतं. उभा जन्म स्वतःच्या स्टेअरिंगवर गेलेला माणूस. या वयात कुणी "ए ड्रायव्हर" म्हटलेलं त्यांना सोसणार नाही, हे मला आणि मायला न बोलता कळत होतं.

त्याच ट्रकनं आलं-कांदा वाहून मला बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

आरटीओचं पासिंग सोमवारी होतं. रविवारी सकाळी आम्ही बापलेक पुंडलिकनगरच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रक लावून एकेक गोष्ट बघत होतो. ब्रेक ठीक, लाइट ठीक, हॉर्न तर गल्लीला नको इतका ठीक. वायपरही फिरत होते. अडलं ते काचेवर पाणी मारायच्या वॉशरवर. बटण दाबलं की मोटर गुणगुणायची आणि काचेखालच्या दोन तोट्यांतून झोपेत लाळ गळावी तसं पाणी यायचं.

"आजवर कधी लागलं व्हय हे?" बाबा म्हणाले. झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली त्यांनी सीटमागून काढून दाखवली. "खिडकीतून हात काढायचा, काचेवर मारायचं. झालं वॉशर."

"साहेबाला बाटली दाखवणार का?"

"तू विचार की त्याला. शिकलेली तू."

मी तोट्या बघितल्या. तोंडं पांढरी, गच्च. त्याचं मला नवल वाटलं नाही. आमच्याकडं बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. नवी बादली वर्षात आतून पांढरी पडते, चहाच्या पातेल्याला चुन्याचा लेप बसतो. मी घरी गेले, मायच्या डब्यातलं लिंबूसत्त्व घेतलं, कोमट पाण्यात विरघळवलं आणि पुढच्या जाळीमागच्या वॉशरच्या टाकीत ओतलं. आतून सोड्याची बाटली उघडल्यासारखा फसफस आवाज यायला लागला. बाबा कान लावून उभे राहिले. "बोलायला लागली की गं!"

जेवून आलो आणि बटण दाबलं. दोन धारा अशा उसळल्या की एक टपावरून पलीकडं गेली. बाबा टाळी वाजवून म्हणाले, "लई भारी!" मी कॉलर नसलेल्या ड्रेसची कॉलर ताठ केली.

दुसऱ्यांदा दाबलं तर मोटर नुसतीच फिरली. खाली वाकून बघितलं, तर बंपरखालच्या मातीत चिखल झाला होता. आख्खी टाकी गळून रिकामी.

बाबांनी चिखल बघितला, मग मला बघितलं. "सरबत झ्याक केलंस बाई. गिलास तेवढा फुटला."

मला हसू आलं नाही. सकाळपर्यंत तिच्यात निदान पाणी तरी राहत होतं. आता तेही गेलं होतं, आणि उद्या पासिंग.

टाकी काढली. दोन बोल्ट, मोटरची वायर, एक रबरी नळी. बाहेर उन्हात धरली तर मागच्या बाजूला बोटभर लांब भेग. आरपार. भेगेच्या कडा जुन्या होत्या, मळलेल्या. आज पडलेली ही भेग नव्हतीच.

"हां," बाबा हळूच म्हणाले. "तू शाळेत होतीस तवा वेरूळच्या घाटात दगड उडून जाळीत घुसला होता. चार-दोन दिवस गळली ही. मग आपली आपणच थांबली. मी म्हटलं, थांबली ना, मग कशाला बघायचं."

मी टाकी उलटी करून हलवली. आत काहीतरी खुळखुळलं आणि माझ्या हातावर पांढऱ्या चकत्या पडल्या. त्यांतली एक जाड होती. एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूला तिच्या पाठीवर उभी पातळ कड. मी ती कड भेगेला लावली. बसली. जखमेवरची खपली जखमेला बसावी तशी, वाकणासकट बसली.

कॉलेजात मी परीक्षानळीत हाच क्षार ढीगभर वेळा काढला होता. पण असा कधी बघितला नव्हता. चकतीची तुटलेली कड मी डोळ्यांजवळ धरली. पापुद्र्यावर पापुद्रा. काही दुधासारखे पांढरे, मधूनच एखादा विटकरी, एखादा राखाडी. बाबा जिथं थांबले तिथलं पाणी टाकीत पडत गेलं होतं. दौलताबादच्या धाब्यावरचं, अजिंठ्याच्या वाटेवरच्या हापशाचं, आमच्या गल्लीतल्या टँकरचं. प्रत्येक पाण्यानं जाता जाता कणभर काहीतरी मागं ठेवलं होतं आणि कणाकणानं ती भेग बुजत गेली होती. कुणी सांगितलं नाही, कुणी बघितलं नाही. आमच्या भागातल्या काळ्या दगडाच्या पोटात पांढरं भरलेलं असतं ना, विहीर खणताना चमकतं ते, तसंच. डोंगरात चाललेलं काम आमच्या ट्रकच्या डबड्यातही चाललं होतं, आणि मी ते एका दुपारी विरघळवून टाकलं होतं.

"तोट्या ज्यानं बुजवल्या, त्यानंच भेग बुजवली, बाबा."

त्यांनी चकती हातात घेतली, उन्हात फिरवली. "पाण्यानं केलं हे?" मग ती माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "पाण्याला तेवढी सवड नाय आता. उद्या पासिंग आहे."

कालवून लावायची पुट्टी घरात होती, ती थापली. वाळली, टणक झाली आणि नखानं टोकरली तर पोळीचा पापुद्रा सुटावा तशी अख्खी निघून आली. या प्लास्टिकला काही चिकटतच नाही. त्यात त्याच्याच जातीचं प्लास्टिक वितळवावं लागतं, एवढं मला ठाऊक होतं. टाकीच्या बुडाशी प्लास्टिकची जात सांगणारी खूण होती. मी घरातले सगळे रिकामे कॅन उलटे करून बघत सुटले. माय म्हणाली, "तेलाचा कॅन न्यायचा नाय, सांगून ठेवते." फिनेलचा कॅन त्याच जातीचा निघाला. त्याची पट्टी कापली.

पुढचं काम बाबांच्या हाताचं. पाण्याचे ड्रम त्यांनी असेच सांधलेले. भेगेच्या दोन्ही टोकांना तापलेल्या सुईनं बारीक भोक पाडलं, म्हणजे भेग पुढं पळत नाही. मग जुना स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवायचा, भेगेच्या कडा मऊ करायच्या आणि पट्टी त्यात दाबत न्यायची. पट्टी मी धरली. "घाई नको. धूर निघाला की जळतंय. लोण्यासारखं दिसलं की दाब." माय पदर नाकाला लावून स्वयंपाकघराच्या दारात, "माझा गॅस, माझं फिनेल, आणि पासिंग तुमचं!"

सांधा ओबडधोबड झाला. शेवाळल्या विहिरीच्या पायरीसारखा. टाकी भरून ओट्यावर ठेवली, खाली कोरडा कागद घातला. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघंही काही ना काही निमित्तानं तिथून जात राहिलो. कागद कोरडाच राहिला.

सोमवारी रांगेत आमचा नंबर ऊन चढल्यावर आला. साहेबांनी खालून बघितलं, वरून बघितलं, ब्रेक दाबायला लावले. मग काचेसमोर उभे राहिले. "वायपर. पाणी मारा."

बाबांनी बटण दाबलं. क्षणभर नुसती मोटर गुणगुणली. केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसलेल्या माझ्या मुठी वळल्या. मग दोन्ही धारा सरळ वर चढल्या, काचेवर फुटल्या, वायपरनं धूळ ओढून नेली आणि समोरचा सगळा माळ लख्ख दिसायला लागला. साहेबांनी मान हलवून हातानं पुढं जायची खूण केली. गाडी बसली होती.

बाबांनी गिअर टाकलाच नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ते काचेवरून उतरणारं पाणी बघत राहिले. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, मग आणखी एकानं.

"बाबा, झालं. चला."

"थांब गं," ते म्हणाले आणि परत बटण दाबलं.