टेकू चालणार नाहीत

मुरुडच्या खाडीत माझ्या सासऱ्यांचा शिडाचा मचवा ज्या जागी वर्षानुवर्षं उभा असायचा, ती जागा धक्क्याच्या रुंदीकरणात गेली. बोटींची सोय व्हावी म्हणून धक्का वाढवला आणि बोटीला जागा उरली नाही. विकासाची ही पद्धत आता अंगवळणी पडली आहे.

सासरे गेल्यापासून मचवा माझ्या नवऱ्याचा आणि नणंदेचा सामाईक. नवरा रविवारी शीड उभारून समुद्रात एक फेरी मारून येतो आणि मग आठवडाभर माणसात असतो. त्यामुळे मचवा तरंगता राहण्यात माझा स्वार्थ. नणंदेला मात्र हरिहरेश्वरच्या एका रिसॉर्टवाल्याने गाठलं होतं. त्याला मचवा हिरवळीवर ठेवून त्यात भेळेचा काउंटर काढायचा होता.

"निदान कोरडा तरी राहील, वहिनी," नणंद म्हणाली. "दिवाळीपर्यंत चांगली जागा मिळाली तर ठेवू. नाहीतर मी त्याला हो सांगते."

नवरा दोन दिवस जेवताना पाणीच जास्त प्यायला.

मी कागद घेतला. तळ कसा आहे, वारा कुठून लागतो, राखण कोण करणार, टेकू ठेवायला जागा आहे का. टेकू महत्त्वाचे. ओहोटीला पाणी गेलं की मचवा चिखलावर बसतो. दोन्ही कुशींना लाकडी टेकू दिले तर सरळ राहतो, नाहीतर कलंडतो आणि जुन्या फळ्यांचे सांधे उघडतात. एकदा उघडले की खुशाल भेळ विकावी.

पहिली जागा बर्फाच्या कारखान्यामागची. सपाट चिखल, वाऱ्याला आडोसा, शेजारी मांडवावर बोंबील वाळत घातलेले. नणंदेने नाकाला पदर लावला.

"बाबांचा मचवा? ह्या वासात?"

बाबांच्या मचव्यातून जन्मभर जणू अत्तरच वाहिलं गेलं होतं.

दुसरी जागा नव्या खासगी मरिनात. पांढऱ्याशुभ्र यॉट, कुंड्यांतली झाडं, बूट घातलेला मॅनेजर. बघायला जायचं ते चांगल्या दिवशी, म्हणून नवऱ्याने पंचांग उघडून दुर्गाष्टमी काढली. ज्या पंचांगात मुहूर्त असतो त्यातच तिथी असते, आणि तिथीवरून पाणी कळतं हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. अष्टमीला भांग. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. पण आम्ही शुभकार्याला निघालेलो. पाण्याचा विचार कोण करणार? आम्ही ओहोटीच्या वेळी पोचलो, आणि तरी यॉट डौलात तरंगत होत्या.

"चोवीस तास पाणी, मॅडम," मॅनेजर म्हणाला.

"आणि टेकू?" मी विचारलं.

"ते लाकडी दांडके? नाही, टेकू चालणार नाहीत. लूक जातो."

नणंद खूश. लूक असलेली जागा तिला पहिल्यांदाच भेटत होती.

मचवा न्यायचा दिवसही शुभच हवा. कोजागिरी! म्हणजे पौर्णिमा, म्हणजे उधाण. पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. दुपारच्या भरतीला नवऱ्याने दोन खलाशी घेऊन मचवा मरिनात आणला. टेकू मी तरीही टेम्पोत घातले होते. ते मॅनेजरने गेटबाहेरच ठेवायला लावले. नणंद रेशमी साडी नेसून मसाला दुधाचा थर्मास घेऊन आली. फोटो झाले.

सूर्य कलला तसं पाणी उतरू लागलं. आधी धक्क्याच्या खांबांवरची शेवाळं दिसली, मग कालवं, मग चिखल. एका यॉटने सगळ्यांत आधी मान टाकली.

"सहसा असं होत नाही," मॅनेजर म्हणाला.

"महिन्यातून दोनदाच होतं," मी म्हटलं.

तेवढ्यात मचवा टेकला. करकरला. आणि हळूहळू काँक्रीटच्या कडेकडे कलायला लागला. नवऱ्याने दोर धरून मागे ताण दिला, खलाशी त्याच्या जोडीला. पण मचवा तिघांना कुठला ऐकतोय? मी गेटकडे धावले. वॉचमनने गेट पास मागितला. त्याला मी टेकूचं दुसरं टोक धरायला दिलं.

परत आले तर नणंद चिखलात. रेशमी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाठ मचव्याच्या कुशीला लावलेली.

"वहिनी, बघत काय राहिलीस? दे इकडे! दादा, दोर ढिला कर. ढिला! बाबा कसे करायचे विसरलास?"

तिने टेकू कुशीखाली तिरका घातला आणि खांद्याने आत सरकवला. लहानपणी हे काम तिचं होतं म्हणे. मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. करकर थांबली. दुसरा टेकू बसला आणि मचवा सरळ उभा राहिला. आजूबाजूला लूक असलेल्या यॉट आडव्या पडल्या होत्या.

"मॅडम, टेकू काढावे लागतील," मॅनेजर वरून म्हणाला.

"तू खाली ये," नणंद म्हणाली, "तुलाच लावते."

तो आला नाही. रात्रीच्या भरतीला आम्ही मचवा बाहेर काढला आणि सरळ बर्फाच्या कारखान्यामागे नेला. नणंद त्यातच बसून आली. वाटेत तिने रिसॉर्टवाल्याला फोन केला. "नाही" एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

बोंबलांच्या मांडवाशेजारी आम्ही उतरलो.

"वासाचं काय, वन्सं?" मी विचारलं.

"कसला वास?" ती म्हणाली आणि थर्मास उघडला.